ॲम्ब्युलन्सच्या मागची गाडी

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. मृदंगवाले बुवा, तुम्हीही हात थांबवा थोडा वेळ. आज काल्याचा दिवस. सात दिवस नाम घेतलंत, आता तिकडून बुंदीचा वास यायला लागलाय — कळतंय मला, माझंही नाक शाबूत आहे! पण पंगतीआधी एक प्रश्न. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्या किती जवळ असावं माणसानं?

ही पुढं बसलेली माउली म्हणते, "जितकं जवळ तितकं बरं!" बरोबर आहे. घरात बरोबर आहे. देवळात तर शंभर टक्के बरोबर. पण हायवेवर? — आं? आता का गप्प?

अहो, रोज बघतो मी. पुढच्या गाडीला चिकटून मागची गाडी! लाइट मारतोय, हॉर्न वाजवतोय, जसं काही पुढचा याच्या वावरात घुसलाय! एकदाचा पुढं काढतो — आणि पाच किलोमीटरवर बघावं तर हा पठ्ठ्या हॉटेलात मिसळ खातोय! कशासाठी केली होती एवढी घाई? रश्श्याला तर्री कमी पडेल म्हणून?

हसा. हसून घ्या. पुढं हसायला जागा नाही.

ऐका. सिन्नरकडचे खंडेराव उगले. सगळे आप्पा म्हणायचे. एसटीत ड्रायव्हर, बत्तीस वर्षं नोकरी. एका माणसाला ओरखडा नाही, एक कोंबडी चाकाखाली नाही! रिटायर होऊन सहा वर्षं झालेली. घरी बायको, मुलगा विलास, सून. मुलगी मंदा बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळ दोन महिन्यांचं झालं होतं. विलास एमआयडीसीत कामाला. पोरगा गुणी, बरं का! वडिलांचे पाय चेपल्याशिवाय झोपत नव्हता. हे मुद्दाम सांगतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, असं करणारा कुणी वाया गेलेला असणार. तो तुमच्या-माझ्यासारखाच होता!

सकाळी दहाचा सुमार. आप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसलेले. एकदम छातीवर हात — घाम — बोलता येईना! गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "झटका मोठा आहे. तासाभरात नाशिकला पोचले तर वाचतील." तासाभरात! नाशिक तीस किलोमीटर. म्हणजे वेळ होता, मंडळी. आप्पा वाचणार होते!

ॲम्ब्युलन्स आली. ड्रायव्हर रफिकभाई. आप्पांना आत घेतलं, सोबत नर्सबाई, शेजारी मंदा बसली. विलास म्हणाला, "मी माझी गाडी घेऊन मागंच येतो." रफिकभाईंनी दारात पाय ठेवला आणि वळून सांगितलं, "विलासभाऊ, माझ्या मागं लागू नका हां. मी कुठं पळून जात नाही. दवाखाना माहीत आहे ना? सावकाश या. मी पेशंटला सांभाळतो, तुम्ही स्वतःला सांभाळा."

"हो हो भाई, तुम्ही काढा!"

किती सरळ सांगितलं होतं! पण ऐकतो कोण? ज्याचा बाप आत आहे, त्याच्या कानात सायरनशिवाय काही शिरत नाही.

निघाली ॲम्ब्युलन्स. ऐन गर्दीचा हायवे — कांद्याच्या पिकअप, कंटेनर, कंपन्यांच्या बस. सायरन वाजला की गाड्या बाजूला सरकायच्या, फट पडायची. रफिकभाई त्या फटीतून जायचे, आणि फट मिटायच्या आत मागून विलास! मध्ये दुसरी गाडी घुसली तर आप्पा नजरेआड होतील, ही एकच भीती. नव्वदचा वेग, आणि दोन गाड्यांत अंतर किती? दहा-बारा फूट! शेजारच्या ट्रकवाल्यानं ओरडून सांगितलं, "ओ, मागं घ्या की!" विलासनं काच वर केली.

आता सगळ्यांनी माझ्यासोबत एकदाच म्हणायचं. फक्त एकदा. विठ्ठल! — झालं. किती वेळ लागला? एक सेकंद. तेवढ्यात नव्वदच्या वेगाची गाडी ऐंशी फूट पुढं जाते, माउली! इथून त्या मंडपाच्या कमानीपर्यंत! आणि विलासकडं अंतर दहा फुटांचं. म्हणजे देवाचं नाव तोंडात पुरं व्हायलासुद्धा जागा नव्हती.

पुढं उड्डाणपुलाच्या तोंडाशी एक मोटरसायकल राँग साइडनं आली. नवरा, बायको, मध्ये लहान पोर. वळायला दुभाजकातला कट लांब पडतो ना! रफिकभाईंनी करकचून ब्रेक दाबला. ते तिघं वाचले. आणि मागून —

नको. तो आवाज मी काढून दाखवणार नाही.

विलासच्या कपाळाला चार टाके, बाकी काही नाही. मंदाचा हात मोडला. आणि ॲम्ब्युलन्सचं मागचं दार पार आत गेलं! मागचं चाक पत्र्यात अडकलं. गाडी जागची हलेना. स्ट्रेचर निघतं ते त्याच दारातून! बाजूच्या दारानं मंदाला काढली, पण आप्पांना वाकवून काढायला नर्सबाई नको म्हणाल्या. लोक धावले. पहार आणली, ट्रॅक्टरला दोर बांधून दार ओढलं. विलास दोन्ही हातांनी ते दार बडवत होता — "आप्पा! आप्पा!" दार उघडायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर आत काही उरलं नव्हतं.

नाशिक तिथून अकरा किलोमीटर होतं.

दशक्रियेचं प्रवचन माझ्याकडं होतं. आता सांगतो ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि विलासला विचारून सांगतोय. नदीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, खाली येईनात. अर्धा तास झाला. भाऊबंद एकेक बोलायला लागले — "आप्पा, वहिनींना अंतर देणार नाही." "आप्पा, मंदाच्या पोराचं सगळं नीट करू." कावळा येईना. मग विलास पुढं झाला. हात जोडले.

म्हणाला, "आप्पा, तुम्ही मला काचेतून हात केला होता."

"गाडीत तुम्हाला उशाला टेकवून बसवलं होतं. मागच्या काचेतून तुम्ही मला बघत होतात. तुम्ही हात वर केलात, मागं हो म्हणालात. दोनदा केलात, आप्पा. मी बघितलं होतं. मला कळलंही होतं. पण तुम्ही हात हलवताय म्हणजे तुम्ही आहात, एवढंच मनात आलं — आणि तुम्ही नीट दिसावेत म्हणून मी गाडी आणखी जवळ घेतली."

मंदा तर आत आप्पांच्या शेजारीच होती. पण विलासनं तो हात पाहिला होता, हे तिलाही माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

तुम्ही विचाराल, महाराज, मग तरी कावळा शिवला का? नाही शिवला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला. मी विलासला समजावलं, बाबा, गर्दी होती, पाखरू बुजलं असेल. बाप असा रागावत नसतो. त्यानं मान हलवली. पण पटलं नाही त्याला. वर्ष होऊन गेलं, अजूनही पटलेलं नाही. तुमच्यापुढं एवढी शास्त्रं सांगतो मी, पण त्या पोरापुढं माझं तोंड बंद होतं.

आणि तुम्हाला तरी कुठल्या तोंडानं सांगू? आज सकाळी तुमच्या कमिटीचे चार फोन आले — "महाराज, कुठवर आलात?" मी मागच्या सीटवरून माझ्या ड्रायव्हरला म्हणालो, "दाब की रे जरा!" हे आख्यान मनात घोळवत येत होतो आणि तोंडानं दाब म्हणत होतो! आहे की नाही शरमेची गोष्ट?

आता प्रसाद घ्याल आणि शे-दोनशे गाड्या एकदम हायवेला लागतील. तुमच्या पुढं जी गाडी असेल ना, तिच्यातही कुणाचे तरी आप्पा बसलेले असतील. फरक एवढाच, की ते तुम्हाला ओळखत नाहीत. ते काचेतून हात करणार नाहीत. मागं तुम्हालाच राहायचंय, कुणी न सांगता.

आज गजर नको. एक मिनिट गप्प बसू, आणि मग उठू.