कोणत्या युद्धाखाली

(विस्कॉन्सिनमधल्या एका गावातले माजी सैनिकांचे सभागृह. शुक्रवारची दुपार. संध्याकाळच्या जेवणासाठी मर्ल माशांचे तुकडे पिठात घोळवतो आहे.)

मर्ल : नंतर बोलू, लॉरेटा. हात पिठात आहेत माझे.

लॉरेटा : राहू देत. निदान पळून तरी जाता येणार नाही तुम्हाला. चर्चमध्ये मी दिसले की मागच्या दारानं निघता.

मर्ल : गुडघे दुखतात. मागे पायऱ्या कमी आहेत.

लॉरेटा : सोमवारी पाथरवट येतोय. चौकातल्या स्मारकावर माझ्या मुलाचं, कर्टिसचं नाव कोरणार की नाही, एवढंच सांगा.

मर्ल : नियम तुला ठाऊक आहे. वर युद्धाचं नाव, खाली त्यात पडलेल्यांची. कर्टिसला कोणत्या युद्धाखाली घालू?

लॉरेटा : ज्यात तो गेला, त्याखाली.

मर्ल : त्याला नाव नाही, पोरी. राष्ट्राध्यक्ष स्वतः टीव्हीवर म्हणाले, हे युद्ध नव्हे, मर्यादित कारवाई आहे.

लॉरेटा : मर्यादित! ट्रकखाली आडवा पडून काम करत होता तो, वरून ड्रोन आलं. शवपेटी उघडू नका म्हणाले मला. कशाची मर्यादा पाळली तिथं?

मर्ल : मी अध्यक्षांची बाजू घेत नाही.

लॉरेटा : अंत्यविधीला संसदेतले आपले प्रतिनिधी आले होते. मी विचारलं, तुम्ही कोणत्या बाजूनं मत दिलंत? माझा हात हातात घेऊन म्हणाले, बाई, प्रश्न संसदेपुढं आलाच नाही. सरसेनापती अध्यक्ष. त्यांनी हुकूम दिला आणि जहाजं निघाली.

मर्ल : युद्ध पुकारायचा हक्क संसदेचा. आम्ही तर शाळेत हेच शिकलो.

लॉरेटा : त्याच शाळेच्या छपरासाठी या गावानं तीनदा मतदान घेतलं, मर्ल. छपरासाठी!

मर्ल : त्या अध्यक्षांना मत तूही दिलं होतंस.

लॉरेटा : दिलं होतं. आणि तुमच्या अंगणात त्यांच्या प्रचाराची पाटी होती.

मर्ल : अजून गॅरेजमध्ये आहे. फेकायलाही लाज वाटते.

लॉरेटा : तुमच्या भावाचं, डेलचं नाव आहे की स्मारकावर. व्हिएतनामचं युद्ध तरी कोणी रीतसर पुकारलं होतं?

मर्ल : नव्हतं पुकारलं. म्हणूनच त्या वेळची समितीतली म्हातारी मंडळी अडून बसली होती. आमचं ते युद्ध, तुमची ती भानगड, असं तोंडावर म्हणाली. सहा वर्षं माझी आई या दारात खेटे घालत होती.

लॉरेटा : आणि आज तिथं मी उभी आहे.

मर्ल : ते कळत नाही असं वाटतं तुला? कर्टिसला चेंडू झेलायला मी शिकवलंय.

लॉरेटा : समितीतला ग्लेन म्हणाला, स्मारकाचं सगळं तुमच्यावर सोपवलंय.

मर्ल : हो. मर्ल म्हणेल ते, म्हणाले आणि मोकळे झाले. कोणाला तुझ्याकडे बघायचं नाहीये.

लॉरेटा : मग हो म्हणा. एकच शब्द तर लागतो.

मर्ल : एका माणसाच्या एका शब्दावरच गेला ना तो?

लॉरेटा : हे बरोबर नाही, मर्ल. त्याची आणि याची तुलना करू नका.

मर्ल : करत नाही. पण आज मी एकट्यानं हो म्हणायचं, उद्या माझ्या खुर्चीत बसेल त्यानं एकट्यानं नाही म्हणायचं. मी समितीच्या सातही जणांना मतदानाला बसवतो. कर्टिस युद्धात गेला की नाही, हे या गावानं तरी तोंडानं बोलावं. तूही ये.

लॉरेटा : आणि त्यांनी नाही म्हटलं तर?

मर्ल : म्हणतीलही. माझा हात तुझ्या बाजूनं वर जाईल. ग्लेनचाही जाईल, असं वाटतं. बाकीच्यांचं सांगवत नाही.

लॉरेटा : माझ्याच्यानं ते ऐकवणार नाही.

मर्ल : मग मतदान राहू दे. तू फक्त म्हण, नाव कोरायला मी आत्ता पाथरवटाला फोन करतो. खरंच करतो.

लॉरेटा : ...नको.

मर्ल : लॉरेटा?

लॉरेटा : रविवारी प्रार्थनेनंतर बोलवा सगळ्यांना. मी पुढं बसेन. ज्याला नाही म्हणायचंय, त्यानं माझ्याकडे बघून हात वर करावा. त्याला धाडलं तेव्हा हात वर करण्याएवढंही कोणी केलं नव्हतं.