मोठ्या टोपीच्या शंभर पुंगळ्या

डेल्मर : थांब, थांब. परत एकदा सांग. मोठ्या टोपीच्या पुंगळ्या?

ओरिन : मोठ्या टोपीच्या. शंभर.

डेल्मर : तुला? ओरिन ट्वेटला? लेका, नऊ वर्षं माझ्या या काउंटरवर कोपर टेकून तू येईल त्या गिऱ्हाइकाला प्रवचन देतोयस. लहान टोपी घ्या, लहान टोपी घ्या. आपला पाद्रीसुद्धा रविवारी इतक्या चिकाटीने बोलत नाही. पोस्टातल्या त्या रोझालीला तर परवाच पाऊण तास धरून ठेवलं होतंस. बिचारी बंदुकीची नळी पुसायचं तेल घ्यायला आली होती.

ओरिन : तिला उडालेली काडतुसं परत भरायला शिकायचंय. चुकीचं शिकू नये.

डेल्मर : मग बरोबर काय ते तूच सांगितलंस ना? काडतुसाच्या पुंगळीच्या बुडाला ठिणगी पाडणाऱ्या टोपीचं भोक लहान असलं की भोवती पितळ जास्त राहतं. कितीही बार काढले तरी भोक सैल होत नाही. वीस वेळा भरा, तीच पुंगळी. आणि मोठ्या टोपीची? आठव्या बाराला ढिली. पुढे टोपी बसते कसली, पडते. मला पाठ झालंय सगळं. झोपेतून उठवून विचार.

ओरिन : एप्रिलचा नेमबाजीचा सामना आहे. सकाळी गोठलेलं असतं. लहान टोपीचा जाळ थंडीत कमी पडतो. दारू उशिरा पेटते, गोळी खाली लागते.

डेल्मर : थंडीचं मला सांगतोस? मागच्या फेब्रुवारीत माझ्या दुर्बिणीची काच गोठली होती. तुझ्या मिशीला बर्फ लटकत होता. आणि हजार यार्डांवर वीसपैकी अठरा तू मधल्या गोलात घातल्यास. लहान टोपीने. मी शेजारच्या चटईवर पालथा पडून तुझ्या नावाने बोटं मोडत होतो.

ओरिन : तुझे किती गेले होते?

डेल्मर : ते सोड. तुझ्या जुन्या पुंगळ्यांचं काय झालं?

ओरिन : माना तडकल्या. टाकून दिल्या.

डेल्मर : बरोबर. म्हणून ऑक्टोबरपासून लहान टोपीच्या पुंगळ्यांचा एक डबा मी तुझ्यासाठी मागे दडवून ठेवलाय. शेवटचा. पुढचा माल सप्टेंबरच्या आधी येत नाही. दोघंतिघं मागून गेले, मी सरळ खोटं बोललो.

ओरिन : तो रोझालीला दे.

डेल्मर : का?

ओरिन : ती वापरेल.

डेल्मर : आणि तू काय त्याची माळ करून गळ्यात घालणार होतास?

ओरिन : शंभर पुंगळ्या. वीस वेळा भरल्या की दोन हजार बार. मला महिन्याला शंभर लागतात, सराव धरून.

डेल्मर : बरं. मग?

ओरिन : मग काही नाही. मोठ्या टोपीच्या काढ.

डेल्मर : महिन्याला शंभर. म्हणजे महिन्यातून एकदा डबा पूर्ण भरायचा. मोठ्या टोपीच्या चालतात आठ वेळा, म्हणजे आठ महिने. एप्रिल ते नोव्हेंबर… एक मोसम. ओरिन, डॉक्टर काय म्हणाला?

ओरिन : पुंगळ्या काढतोस का?

डेल्मर : नाही काढत. आधी बोल. सोमवारपासून कॅन्सरच्या औषधाची दुसरी फेरी आहे ना तुझी? तुझी लेक मॅरिट या औषधासाठीच स्पोकेनहून रजा काढून हिवाळाभर इथे राहिलीय ना?

ओरिन : होती फेरी. मी जाणार नाही.

डेल्मर : डोकं फिरलंय का तुझं?

ओरिन : पहिल्या फेरीनंतर बोटं बधिर झाली. चापावर बोट ठेवायचो, भार कळायचा नाही. बार उडाला की कळायचं. टोपी बसवताना ती तळाला टेकल्याचं अंगठ्याला जाणवतं, तेही जाणवेना. या हिवाळ्यातली सगळी काडतुसं मॅरिटने भरली. आता जरा परत आलंय. दुसऱ्या फेरीत गेलं तर येणार नाही म्हणतात.

डेल्मर : आणि फेरी घेतली तर किती दिवस?

ओरिन : दोन मोसम. खुर्चीत बसून.

डेल्मर : नाही घेतली तर?

ओरिन : एक. चटईवर.

डेल्मर : मॅरिटला सांगितलंस?

ओरिन : नाही.

डेल्मर : अरे देवा. ती समोरच्या दुकानात तुझ्या उलटीच्या गोळ्या घ्यायला गेलीय, आणि तू इथे मला सांगतोस?

ओरिन : मी सांगितलं नाही. तू काढून घेतलंस.

डेल्मर : मला राग आलाय तुझा. एकतीस वर्षं शेजारच्या चटईवर पडतोय मी तुझ्या. मी ठरवून ठेवलं होतं, आधी माझा गुडघा जाईल, मग तुझे डोळे. मग दोघं मागे खुर्च्या टाकून बसू आणि नव्या पोरांना नावं ठेवू.

ओरिन : तू एकटा ठेव. तुला जमेल.

डेल्मर : थट्टा नको. लहान टोपीचा डबा घेऊन जा. आठच वेळा वापर, तुला वाटलं तर. काय बिघडतं?

ओरिन : चांगलं पितळ वाया जातं.

डेल्मर : स्वतःचं काही नाही, पितळाची काळजी!

ओरिन : पितळाचं मला काही करता येतं. काढ आता. ती येईल.

डेल्मर : हे घे. मोजून घे हवं तर. मला तर दिसतसुद्धा नाहीये नीट.

(दारावरची घंटी वाजते. मॅरिट आत येते.)

मॅरिट : झालं का, बाबा? गोळ्या मिळाल्या. जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या. डेल्मरकाका, पायरीवरचा बर्फ कोण काढणार? पडता पडता वाचले मी.

डेल्मर : काढतो गं. लगेच काढतो.

मॅरिट : इतक्या मुकाट्याने? काय झालंय तुम्हा दोघांना? एरवी तुमचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो. बघू, मिळाल्या का पुंगळ्या… काका, या मोठ्या टोपीच्या दिल्यात तुम्ही. आम्हाला लहान लागतात.

डेल्मर : मी चुकून नाही दिल्या, मॅरिट.

मॅरिट : बाबा?

ओरिन : एप्रिलला थंडी असते.

मॅरिट : थंडी नका सांगू मला. सगळा हिवाळा तुमच्या शेजारी बसून भरलीत मी काडतुसं. तुम्ही सांगत होता, मी वहीत लिहीत होते. या आठ वेळा चालतात.

ओरिन : हो.

मॅरिट : आठ वेळा.

ओरिन : सोमवारी मी येत नाही, मॅरिट.

मॅरिट : केव्हा ठरवलंत?

ओरिन : रविवारी. चापाचा भार कळला परत. वर्कशॉपमध्ये, रिकाम्या रायफलीवर. अर्धा तास नुसता ओढत बसलो.

मॅरिट : चाळीस मैल शेजारी बसले होते मी गाडीत. तेव्हा सांगता आलं नाही?

ओरिन : तू खुशीत होतीस.

मॅरिट : खुशीत नव्हते. बडबडत होते. घाबरले की मी बडबडते, हे तुम्हाला अजून कळत नाही? सेहेचाळीस वर्षांची झाले मी!

डेल्मर : मी जरा मागे जातो. बर्फाचं फावडं—

मॅरिट : थांबा काका. तुम्हाला माहीत झालंय ना, मग थांबा. बाबा, हात द्या इकडे. डोळे मिटा. ही पुंगळीची कड, लागते बोटाला?

ओरिन : लागते.

मॅरिट : आणि ही?

ओरिन : करंगळी आहे. थोडी लागते.

मॅरिट : डिसेंबरमध्ये चहा सांडला बोटांवर तरी कळलं नव्हतं तुम्हाला. मीच ओरडले होते.

ओरिन : ओरडली होतीस.

मॅरिट : मला पटलेलं नाही, बाबा. आज पटणारही नाही. मोठ्याने रडावंसं वाटतंय मला, आणि या भिंतीवरच्या हरणांच्या मुंडक्यांसमोर मी रडणार नाही.

ओरिन : घरी जाऊन भांड. मी ऐकेन.

मॅरिट : भांडणारच आहे. रोज भांडणार आहे. …काका, मोठ्या टोप्या आहेत का तुमच्याकडे? घरी आहेत त्या सगळ्या लहान आहेत.

डेल्मर : आहेत. हजाराचा डबा.

ओरिन : आठशे पुरतील.

डेल्मर : डबा फोडून देत नाही मी.

ओरिन : मग दोनशे उरतील.

मॅरिट : उरू देत.