आमचा भूकंप यादीत नाही

—नाही बाई, शाळा सोडल्याचा दाखला तेवढा हातात देऊ नका, आधी ऐकून घ्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा — तुमच्या दुसरीच्या वर्गावरच्या कौलांचं वजन किती असेल, ह्याच विचारानं. हो, मान्य आहे, चूक माझ्या शालूचीच. उसाचा ट्रक गेला, बाकं हलली, ही ओरडली 'भूकंप', आणि चाळीस पोरं मैदानात. गुडघा फुटला तोही नेमका शाळेच्या चेअरमनसाहेबांच्या नातीचा — तुमची अडचण कळते मला. पण ओरडायला मीच शिकवलंय ना. पाढ्यांबरोबर पाठ करून घेते — चीनचा पूर, एकोणीसशे एकतीस. चीनचाच भूकंप, पंधराशे छप्पन, माणसं आठ लाख तीस हजार. बंगालचं वादळ, अगदी परवाचं, सत्तरचं. सामान्यज्ञानच की हो. पूर म्हणा, भूकंप म्हणा, चीनचा पहिला नंबर. आणि आपला कोयनेचा, सदुसष्टचा? सामान्यज्ञानाच्या पुस्तकाची तीनदा पानं उलटली, मोठ्या संकटांच्या यादीत नावच नाही. सासूबाईंना सांगितलं तर चिडल्या — "आमचं घर पडलं, म्हस मेली, त्ये काय पुस्तकवाल्यानं बघितलं न्हाई व्हय?"

तेव्हा पाटणला होतो आम्ही. हे फौजेत, घरात मी, सासूबाई आणि ही शालू — तीन महिन्यांची, पाळण्यात. त्यानंतर मीच हट्ट धरला, सांगलीला राहू, तिथं जमीन हलत नाही. खरंच हलत नाही — इथं कृष्णा घरात येते. सासूबाई म्हणतात, "शिकल्याली हाय आमची सून, मरायची जागा बी निवडून काढती."

हसा, हसा. पण मी घाबरट नाही बाई. त्या पहाटे सगळ्यांच्या आधी अंगणात मीच होते. आणि रिकाम्या हातानं नाही — भिंतीवरची चौकट काढून आणली होती, माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट. काचेला तडासुद्धा गेला नाही. — शालू? तिला... तिला सासूबाईंनी आणलं. मागून. चार-पाच मिनिटांचाच तर प्रश्न. असल्या मिनिटांना कुठल्या पुस्तकात जागा नसते. मी हे तिला कधी सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका. म्हणून तर म्हणते, तिला दाराजवळ बसवा. खुट्ट झालं की पहिली पळ, एवढं एकच मी तिला—

काय? पळालीच नाही? पोरं सगळी बाहेर, आणि ही एकटी बाकावर? तुम्ही आत जाऊन हाताला धरून आणलीत? असं कसं बाई — रोज शिकवते मी. शालू, ये गं इकडे, दाराआड उभी राहू नकोस. बाईंना सांग, ओरडलीस ते ओरडलीस, मग पळाली का नाहीस?

"पळायचं नस्तंय. आजी म्हणली, आपण आतच ऱ्हायाचं. मागनं कुणीतरी न्यायला येतंय."