बोट दाखवलं, बघितलं नाय

माजा जन्म दाभोळच्या खाडीकाठचा, बाप होडीवर, आई कोलंबी सोलायची, शाळा म्हणाल तर सातवीपर्यंत, पुढं नाय. अठराव्या वर्षी चाचानं इकडं ओमानात, मत्रहला बोलावलं, त्याच्या ओळखीनं एका जपानी ठेकेदाराकडं रस्त्याच्या कामावर लागलो, ते काम संपलं तेव्हा साहेब बोलला, गफूर, जपानला येतोस? शहराखालून गाडी न्यायचीय. मी बोललो, येतो. काय सांगू तुमाला, जपान कुठल्या दिशेला तेसुद्धा ठाऊक नव्हतं.

पाच वर्षं खणलं. शहराच्या मधोमध डोंगर, पलीकडं जायला माणसं दोन बस बदलायची, म्हणून डोंगराखालून रेल्वेची लाइन. पाणी इतकं की बूट कधी सुकला नाय. वर दुकानं चालू, शाळा चालू, कोणाला पत्ता नाय की खाली आमी हाय. लाइन सुरू झाली त्या दिवशी लोक पोराबाळांना घेऊन नुसते या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येत होते, मला रडू आलं, हो, आलं, लाज कशाची.

मग मला कारशेडमध्ये ठेवलं, गाडीची दारं तपासायला. तिथली रीत अशी, की नुसतं बघायचं नाय, दारापुढं उभं राहायचं, बोट रोखायचं आणि मोठ्यानं बोलायचं, योश्शी, म्हंजे ठीक हाय. डोळा, बोट, तोंड, तिन्ही एका जागी. आधी हसू यायचं. मग सवय झाली, आणि सवय झाली तिथंच घात झाला बघा. सहा वर्षं रोज तेच, एका सकाळी दमलेला होतो, दुसरं कारण नाय, दारामागून दार, योश्शी, योश्शी, आणि एका दाराचं रबर फाटलेलं होतं. बोट बरोबर त्याच्यावर होतं. डोळे कुठं होते अल्ला जाणे.

त्या दारात एका म्हातारीच्या पिशवीचा बंद अडकला. गाडी दोन पावलं हलून थांबली, पण बाई पडली, मनगट मोडलं. मला कोणी ओरडलं नाय, ओरडले असते तर बरं झालं असतं. माजा वरचा माणूस मोरी-सान, तो मिठाईचा डबा घेऊन तिच्या घरी गेला, मलाही नेलं, दारातच कमरेत वाकला, बोलला, चूक माजी. गफूरचं नाव नाय घेतलं. म्हातारीनं चहा दिला, बोलली, डोंगरापलीकडं माजी बहीण ऱ्हाते, या लाइनीमुळं दर आठवड्याला भेट व्हायची, आता भीती वाटते, गाडीत पाय टाकवत नाय. पाच वर्षं जी लाइन खणली ती त्या बाईपासून मीच काढून घेतली.

जपान सोडलं. परत ओमान, इथं खाबुऱ्यात शाळेची बस चालवतो, बारा वर्षं झाली. पोरं उतरली की मागपर्यंत जायचं, एकेका सीटवर बोट, योश्शी. पोरं नक्कल करतात, करू देत. इथल्या उन्हात बंद बसमध्ये एखादं लेकरू झोपून ऱ्हायलं तर काय होतं ते तुमाला सांगायला नको.

गेल्या महिन्यात तसंच बोट दाखवत, योश्शी बोलत उतरलो, बस बंद केली, चहाच्या दुकानापर्यंत पोचलो आणि ध्यानात आलं, शेवटच्या रांगेकडं मी बघितलंच नव्हतं. धावलो. या गुडघ्यांनी धावलो. कुलूप उघडून शेवटच्या रांगेपर्यंत गेलो. आत कोणी नव्हतं. मी तिथंच पायरीवर बसून ऱ्हायलो.

दुसऱ्या दिवशी अर्बाबला सगळं सांगितलं, चाव्या त्याच्यापुढं ठेवल्या. मालक असला तरी भला माणूस, आमच्याशी हिंदीतच बोलतो. अरे गफूर, बोलला, बस रिकामीच होती ना? मग खलास. मी बोललो, रिकामीच होती अर्बाब, पण मी योश्शी बोललो तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं.

पुढच्या महिन्यात गावी जातोय, कायमचा. दमलो हो, माज्यानं आता होत नाय. अल्ला सगळ्यांची लेकरं घरी पोचवो.