कासीम मिस्त्रींच्या टिचक्या

अरे, आमच्या महाडच्या कासीम मिस्त्रींसारखा मेकॅनिक मी दुसरा पाहिला नाही! माझी छोटी मोटार कशेडी घाटात दर वेळी उकळायची आणि ट्रकवाले हसायचे. इंजिनाचा जोर वाढवायला मी मुंबईहून मोठा कार्ब्युरेटर आणला नि म्हटलं, "चाचा, आजच्या आज बसवा."

"आधी घाट चढून दाखव," म्हणत ते शेजारी बसले. "मी तुझ्या गुडघ्यावर टिचकी मारली का गिअर उतरवायचा."

वेग कमी होईल म्हणून मला चढावरही वरचा गिअर सोडवत नसे. प्रत्येक टिचकीला जीव तळमळला, पण गाडी न उकळता, न थांबता माथ्यावर पोचली.

मी थक्क! चाचा म्हणाले, "गाडीत दम हाय रे. तुझ्यात धीर नाय, नि तो मुंबईत मिळत नाय."