शुक्रवारी दुपारी टेम्पो जागेवर नव्हता, त्याबाबत

नाव: रजईवाली. गावात याच नावाने ओळख आहे; जन्माच्या नावाने कोणी हाक मारली तर मी वळूनही बघत नाही. वय: साठीच्या अलीकडे, सून म्हणते पलीकडे. व्यवसाय: कापूस पिंजून रजया-गाद्या भरणे. राहणार: मशिदीमागची आळी, विहिरीला लागून घर.

मी आज शनिवारी समक्ष ठाण्यात येऊन सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही, मी आपल्या पायांनी आले आहे. या प्रकरणातले तक्रारदार म्हणजे माझे पती. ते सध्या बाहेर बाकावर बसले असून आतले सगळे ऐकत आहेत. यापुढे मी त्यांना 'हे' म्हणेन, कारण आजवर तेच म्हणत आले आहे.

यांनी काल दुपारी आमचा निळा टेम्पो मागच्या रजयांसकट चोरीला गेल्याची तक्रार दिली. त्यानंतर आमच्या आळीतल्या सायकलवाल्याने इथे येऊन त्या तक्रारीत माझ्या सुनेचे नाव घातले. ते नाव निघावे म्हणून हा जबाब देत आहे. सुनेला शहरातल्या मोठ्या शाळेची गाडी चालवायची नोकरी मिळाली आहे. तिच्यावर कसलीही तक्रार नाही असा दाखला या ठाण्यातून मिळाला, तरच ती सोमवारी कामावर रुजू होईल. ती रुजू झाली नाही तर आमच्या आळीतल्या मुली शाळेत जाणार नाहीत. चोरी वगैरे बाजूला राहू द्या, खरे प्रकरण एवढेच आहे.

आमच्या समाजाची गावात तीसएक घरे आहेत, बाकी गाव, म्हणजे वरची आळी, दुसऱ्यांचे. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढे शहरात जावे लागते. मुलगे सायकलवर जातात. मुलगी मात्र सातवी झाली की रजईला टाके घालायला बसायची. मीही तशीच बसले, फक्त माझ्या वेळी चौथीनंतरच बसवायचे. मला भूगोल फार आवडायचा. त्याबद्दल तेव्हा कोणी तक्रार दिली नाही.

या वर्षी मुलींच्या आयांनी आळीतल्या वडीलधाऱ्यांना गाठले. त्यांची बैठक आमच्याच ओसरीवर झाली. बराच खल झाल्यावर वडीलधारे म्हणाले, "गाडी चालवणारी बाई असेल तर पाठवू." असे म्हणताना ते मिशीतल्या मिशीत हसत होते, कारण अशी बाई कुठून येणार असे त्यांना वाटले होते. माझी सून दाराआडून म्हणाली, "मग मी शिकते." चहा पिणाऱ्यांचे कप तिथल्या तिथे थांबले. दिलेला शब्द चारचौघांत दिला होता, त्यामुळे तो गिळताही येईना.

सुनेच्या शिकण्याला यांची ना नव्हती, हे मी स्पष्ट सांगते. यांचे म्हणणे एवढेच की, "शिकायचं तर शीक, पण माझ्या टेम्पोला हात लावायचा नाही." यांचा टेम्पोवर फार जीव. नातीला ताप आला तर हे मला उठवतात, आणि टेम्पोचा आवाज बदलला तर स्वतः उठतात. आळीत दुसरी गाडी नाही. वरच्या आळीच्या दूधवालीकडे आहे, ती कितीतरी वर्षे स्वतः गाडी चालवून दूध घालते. शिकवायला ती एका पायावर तयार झाली, पण तिची गाडी दिवसभर कॅनसकट रस्त्यावर असते. ती म्हणाली, "शिकवीन मी, शेतही देईन. गाडी तेवढी तुम्ही आणा."

तेव्हा आम्ही सासू-सुनेने विचार केला की, आळीतले सगळे पुरुष एकाच वेळी एकाच छताखाली कधी असतात? शुक्रवारी दुपारच्या नमाजला. त्या वेळी टेम्पो झाडाखाली उभा, किल्ली खिळ्याला, आणि हे मशिदीत पहिल्या रांगेत. आम्ही दर शुक्रवारी टेम्पो काढून दूधवालीच्या शेतात न्यायचो आणि नमाज सुटायच्या आत आणून लावायचो. शेतापर्यंत नेण्या-आणण्याचे काम दूधवालीच करायची, कारण तिच्याकडे परवाना होता. यांचा समज होता की सून दूधवालीच्या गाडीवर शिकते आहे. आम्ही त्यांच्या समजुतीला धक्का लावला नाही.

घड्याळ बघायची गरज पडत नसे. आमचे मोठे मौलवी नमाजच्या आधी जे प्रवचन देतात ते भोंग्यावरून शेतापर्यंत स्वच्छ ऐकू येते. ते फार चांगले बोलतात आणि भरपूर बोलतात. आधी सबुरी, मग शेजाऱ्याचे हक्क, आणि सगळ्यात शेवटी, लोक दारात जोडे कसे अस्ताव्यस्त टाकतात. हा क्रम माझ्या आठवणीत कधी चुकलेला नाही. सबुरीत सून गिअर टाकायला शिकली, शेजाऱ्याच्या हक्कांत गाडी मागे घ्यायला. जोडे आले की आम्ही परत फिरायचो. या पद्धतीने सुनेला गेल्या मंगळवारी परवाना मिळाला. पहिल्याच खेपेला मिळाला, हेही लिहावे.

काल मोठे मौलवी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गेले होते. त्यांच्या जागी नवे तरुण मौलवी आले. मशिदीशेजारी घरात बाळंतीण आहे आणि आतल्यांना तसेच ऐकू येते, म्हणून त्यांनी भोंगा बंद ठेवला. शिवाय ते थोडक्यात बोलले. आम्हाला यातले काही माहीत नव्हते. आम्ही शेतात सबुरी सुरू व्हायची वाट बघत होतो. आवाज येईना, तेव्हा मी म्हटले, "आज लोक उशिरा जमलेले दिसतात, आणखी एक फेरी मारू." दूधवाली बांधावर बसून म्हणाली, "मारा की. आज तुमचे मौलवी चहाला थांबलेत वाटतं." आम्ही एकामागून एक मारत राहिलो. तेव्हा मशिदीत नमाज संपून लोक बाहेरही पडले होते.

पुढचा भाग मी पाहिलेला नाही, ऐकीव सांगते. झाडाखाली टेम्पो दिसला नाही तेव्हा यांनी आळी डोक्यावर घेतली. हे जोडे न घालता धावले असे समजते. दोघा-चौघा तरुणांनी 'हे वरच्या आळीवाल्यांचंच काम' असा सूर लावला. पण आरडाओरडा ऐकून वरच्या आळीचा सुतारच आपली मोटरसायकल घेऊन आला, म्हणाला, "चाचा, बसा मागं, आधी तक्रार देऊ, मग शोधू." त्यामुळे त्या तरुणांना पुढे काही बोलता आले नाही. सुताराने यांना इथे आणले. बाकीची मंडळी सायकलवाल्याच्या दुकानातल्या मिळतील त्या सायकली घेऊन निघाली. दोन्ही आळ्यांचे लोक त्यात होते. एकत्र काही शोधायची गावाची ही पहिलीच वेळ असावी, आणि मजा आली असे त्यांतले बरेच जण आता सांगतात.

ठाण्यातून परतताना हे आणि सुतार शोधत शोधत दूधवालीच्या शेताकडे वळले. मागे सायकलींची रांग होती. समोरून शेताच्या आतल्या वाटेने आमचा टेम्पो येत होता. हे मोटरसायकलवरून उतरून वाटेच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. त्यांना बघून मी ब्रेक दाबला. टेम्पो त्यांच्यापुढे थांबला, बऱ्यापैकी अंतर राखून थांबला. सायकलवाल्याला लांबून काचेमागे ओढणी दिसली. ओढणी म्हणजे सून, असा हिशोब करून तो तसाच इथे ठाण्यात आला. त्याने मुद्दाम खोटे सांगितले असे माझे म्हणणे नाही. ओढणी मीही घेते, एवढेच त्याच्या ध्यानात आले नाही.

मला या ठिकाणी विचारण्यात आले की, सुनेला परवाना मंगळवारीच मिळाला होता, तर शुक्रवारी टेम्पो न्यायचे कारण काय. त्यावर सांगते की, काल मी शिकत होते. स्टिअरिंगवर मी होते. सून माझ्या शेजारी बसून "अम्मी, सावकाश, अम्मी, डावीकडं" असे म्हणत होती. टेम्पो घरून शेतापर्यंत सुनेने परवान्यावर नेला, त्यानंतर शेतात तिने त्याला हात लावलेला नाही. त्यामुळे जे काही लिहायचे ते माझ्या नावावर लिहावे. शेताच्या आत मला चालवू दिल्याबद्दल दूधवालीची काही हरकत नाही, ती तसे सांगायला येईल.

मी का शिकते, असेही विचारले. मुलगा परदेशी कामावर आहे. सून शाळेच्या गाडीवर गेली की बाजाराला रजया घेऊन यांच्याबरोबर जायला मीच उरते. आणि यांना अलीकडे संध्याकाळी समोरचे नीट दिसत नाही. हे ती गोष्ट कबूल करत नाहीत. आत्ताही बाहेर खाकरले. पण हे कारण अर्धेच आहे. उरलेले असे की, मला फार आवडते. तिसरा गिअर पडला की मला हसू येते आणि ते आवरत नाही. या वयात काही नवीन इतके आवडेल असे वाटले नव्हते.

यांची तक्रार खोटी नाही. टेम्पो जागेवर नव्हता, हे खरेच आहे. परंतु टेम्पो घरचा आहे, घरच्यांनी नेला आणि घरच्यांनी आणला, तेव्हा त्याला चोरी म्हणू नये अशी विनंती आहे. यांचेही आता तेच म्हणणे आहे. ते मला कसे कळले, तेही सांगते. काल हे हात पसरून वाटेत उभे होते, त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि मागे अख्खे गाव आता काय होते ते बघत होते. मी क्लच अर्धाच दाबला होता, त्यामुळे टेम्पो गचके खाऊ लागला. हे खिडकीजवळ आले. मला वाटले, आता काही खरे नाही. हे म्हणाले,

"क्लच पूर्ण दाब."

मी दाबला. गचके थांबले. मग हे टेम्पोला एक फेरी मारून आले, कुठे ओरखडा दिसला नाही, आणि दुसऱ्या बाजूने चढून सुनेला सरकायला सांगून बसले. "दुसरा टाक," म्हणाले, "आता इथं रात्र काढायचीय का?" वाटेच्या टोकापर्यंत मी चालवला, पुढे रस्त्यावर सुनेने घेतला. सायकलींवरची मंडळी दोन्ही बाजूंनी घरापर्यंत सोबत आली. दंड असेल तर सांगावा.

वरील जबाब लिहिणाऱ्या बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. बाहेर बाकावरून यांनी 'चेहरा लाल' या शब्दांवर हरकत घेतली, ती मी मान्य करत नाही. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर उतरले आहे. बाईंनी सुनेच्या दाखल्यावर शिक्का मारला आणि तो माझ्या हातात दिला. मग त्यांनी पेन खाली ठेवून स्वतःच्या मुलीबद्दल मला एक प्रश्न विचारला. तो जबाबात घ्यायचा नाही, असे त्या म्हणाल्या. माझे उत्तर मात्र घ्यावे, असा मी आग्रह धरला, म्हणून ते इथे शेवटी येत आहे: गाडीत जागा आहे, सोमवारी सकाळी तिला रस्त्याच्या कडेला उभी करा.