चौदा नंबरची जर्सी

— नाही, इथे नको, पेटिफर्डबाई, अगदी पहिल्या रांगेत या. इथून खेळाडू बाहेर येतात त्या बोगद्याचं तोंड समोर दिसतं. जेमार खाली कपडे बदलतोय. आता थोड्या वेळात सगळे दिवे जातील, मग एकच झोत त्या तोंडावर, आणि वरून आमचा हार्लन माइकवर त्याचं नाव पुकारेल — बास्केटबॉलच्या खऱ्या मॅचला पहिल्या पाच खेळाडूंचं पुकारतात ना, तस्सं — आणि तुमचा लेक पळत बाहेर येईल, रिकाम्या खुर्च्यांपुढे. हसू नका. कॉलेज बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी करतो आम्ही हे. पोरं हे बघूनच करारावर सही करतात आणि आया रडतात, पैज लावा. कोट राहू द्या अंगात, सुट्टीच्या दिवशी हीटर उशिरा लावतात इथे.

काय म्हणालात? एजंट होतो, हो. म्हणालात एजंट, पण आवाज दलाल म्हणाल्यासारखा होता — हरकत नाही, सवय आहे. अर्धं आयुष्य तेच केलं. इंडियानातल्या, केंटकीतल्या लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचं, आई वाढेल ते खायचं — ताटात काही टाकायचं नाही, हा पहिला नियम — आणि पोराला मोठ्या लीगमध्ये पोचवून आपला वाटा घ्यायचा. तेव्हा ही कॉलेजं आम्हाला दारात उभं करत नव्हती. आता नियम बदलले, कॉलेजंच उघडपणे पोरांना पैसे देतात, आणि घासाघीस येते कोणाला? आम्हाला. मग बोलावलं, केबिन दिली, दारावर जनरल मॅनेजर लिहिलं. कोणाला आणायचं, काय द्यायचं, कोणाला नारळ द्यायचा, सगळं माझ्याकडे. कोच नुसते खेळवतात. माझी बायको म्हणायची, चोराच्या हाती किल्ल्या दिल्यात. म्हणायची. आता ती तिच्या बहिणीकडे असते, ओहायोत.

तुमचा प्रश्न विसरलो नाही मी. जेवताना विचारलात — आजारी पडला तर याला बघणार कोण? बाकीचे पहिल्यांदा आकडा विचारतात, तुम्ही हे विचारलंत. तर ऐका — मी बघणार. तळहाताच्या फोडासारखं जपेन. दर महिन्याला हृदय तपासून घेणार. आमचे डॉक्टर म्हणतात वर्षातून एकदा पुरे. म्हणू देत, त्यांचं काय जातंय. खोलीत पलंग मुद्दाम लांब करून घेतलाय, पाय बाहेर लोंबकळणार नाहीत. आणि किचनमध्ये सांगून ठेवलंय, याच्या सँडविचमध्ये टोमॅटो अजिबात घालायचा नाही. — खातो? जेमार खातो टोमॅटो? आवडतो? ... असं होय. मग माझीच काहीतरी गफलत. इतकी मुलं येतात हो.

जर्सी मात्र चौदा नंबरची काढून ठेवलीय. माहीत आहे, तो शाळेपासून तीन घालतो, सकाळी बोलला मला. पण डावखुऱ्या मुलाला चौदा शोभतो — का ते विचारू नका, शोभतो. परवा आमचे कोच लिंडक्विस्ट मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "वेंडेल, इंडियानात उजव्या हाताची पोरं जन्मायची थांबली की काय?" सगळे हसले, मीही हसलो. मग गाडीत बसल्यावर आठवायला लागलो — गेल्या वर्षीचा डावखुरा. त्याच्या आधीचा डावखुरा. त्याच्याही आधीचा, त्याला तर धड पासही देता येत नव्हता, पण फ्री थ्रोच्या आधी चेंडूवर हळूच फुंकर मारायचा तो. जेमारही मारतो, पाहिलंय तुम्ही? कोणी शिकवलं त्याला? ... कोणी नाही? आपोआपच? हं.

असं बघू नका माझ्याकडे, बाई. — हो, आहे ना. एक मुलगा आहे. टोबिन. त्याला इथेच यायचं होतं, याच कॉलेजात, लहानपणापासून एकच ध्यास. ऑक्टोबरात यायचं ठरलं होतं — हेच सगळं, जेवण, लांब पलंग, हे दिवे. ऑगस्टमध्ये आमच्या गॅरेजवरच्या रिंगपाशी तो बास्केट मारत होता, मी खाली उभा राहून चेंडू परत देत होतो. इतरांच्या पोरांपायी आयुष्यभर गावोगाव हिंडलो, पण त्या दिवशी घरीच होतो मी. तो बोलत होता, मी चेंडू त्याच्याकडे टाकला, आणि घ्यायला कोणी नव्हतं. चेंडू रस्त्यावर गेला. मी आधी चेंडूकडे बघितलं — चेंडूकडे! हृदय, म्हणाले. कोणालाच कळलं नसतं, म्हणाले. त्यानंतर एकाही आईच्या स्वयंपाकघरात जाऊन बसवलं नाही मला. इथून बोलावणं आलं तेव्हा पगार न विचारता हो म्हणालो. बायको म्हणाली, तू तिथे कोणाची वाट बघायला चाललायस ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नकोस.

बघा, गेले दिवे. आता बोगद्याकडे बघा, नजर हलवू नका. हा हार्लन सुरुवातीला आवाज असा खाली ठेवतो — ऐका — "उंची सहा फूट पाच इंच... डावखुरा... चौदा नंबर... टोबिन पेटिफर्ड!"

नाही. नाही, हार्लनला नका बोलू, तो सांगाल तेच वाचतो. सकाळी फोनवर नाव मीच दिलं त्याला. जेमार म्हणालो मी. जेमार म्हणालो असंच वाटत होतं मला. थांबा, उठू नका, झोत आहे अजून. उभा आहे तो तिथे, बुटांची टोकं दिसतायत बघा. येत का नाहीये? ये म्हणावं. ये ना रे —

... बरोबर आहे त्याचं. त्याला कोणी हाक मारलेलीच नाही.

जा, बाई. खाली जा, ती जर्सी उतरवा त्याच्या अंगातून, आणि घरी न्या त्याला. चांगली कॉलेजं आहेत, उद्या मी स्वतः फोन करीन, तेवढं येतं मला. इकडून जा, पायऱ्या जपून. आणि जाता जाता वर हार्लनला हाक मारून सांगा, दिवे इतक्यात लावू नको. झोत राहू दे जरा.